घासलेला रुपया

आईचा एक रुपया होता. चांदीचा, १९१८ सालचा, पंचम जॉर्जचा. नाणी जमवणाऱ्या माणसाला हे साल सांगितलं तर तो मानसुद्धा वर करणार नाही, कारण त्या सालचे रुपये हवे तेवढे मिळतात. पण आईचा रुपया कधी बाजारात गेलाच नव्हता. तिच्या माहेरची माणसं खाडीकडची, मिठागरावर राबणारी. घरात सोन्याचा मणी नव्हता, पण हा रुपया कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवला, तो तसाच पुढे आला आणि लग्नात आईबरोबर पेणला आला. बाबा एसटीत कंडक्टर म्हणून कायम झाले त्या दिवशी तिने तो बाबांच्या हातावर ठेवला. "थैलीत ठेवा. थैली कधी रिकामी राहणार नाय," म्हणाली. बाबांनी तो थैलीत ठेवला नाही. चिल्लरमध्ये घासला जाईल म्हणाले, आणि बामाच्या रिकाम्या डबीत नवा कापूस घालून त्यात ठेवून दिला. वर्षातून एखाद्या वेळी काढायचे, कडेला धरून उजेडात जरासा फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ, राजाच्या दाढीचा केस न् केस दिसतो."

मी तो रुपया नीट कधी पाहिला नाही. साल पाहिलं आणि सोडून दिलं.

मला नाण्यांचा नाद लागला रोह्याला. चोविसाव्या वर्षी तिथल्या एका कंपनीत लागलो. पहिली शिफ्ट सुटल्यावर गाडीला वेळ असे, म्हणून बाजारात हिंडायचो. एका बोळात एक घड्याळवाले होते. पुढे घड्याळं आणि मागे, काचेच्या कपाटात, नाणी. त्यांच्याकडे बसून बसून मी शिकलो. त्यांचा आणि माझा एकच वाद चालायचा. मी म्हणायचो, नाणं दुर्मिळ पाहिजे. झिजलेलं असलं तरी चालेल, दुसऱ्याकडे नसलं म्हणजे झालं. ते म्हणायचे, "दुर्मिळ नाणं आज नाही तर उद्या समोर येतं. जसं टाकसाळीतून निघालं तसंच राहिलेलं नाणं परत येत नाही. एकदा चेहरा गेला की गेला." मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं.

त्यांच्याकडे १९११ चा रुपया होता. त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक खवळले होते आणि सरकारने तो रुपया मागे घेतला, त्यामुळे तो फार थोडा उरला. त्यांच्याजवळचा पार झिजला होता. राजाचं नाक सपाट, दाढी म्हणजे नुसता फुगवटा. पण साल स्वच्छ वाचता येत होतं. मी दोन महिने त्याच्याकडे बघत होतो. पैसे माझ्याजवळ नव्हते. एक दिवस बोलता बोलता मी आईच्या रुपयाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "एकदा आणून दाखव."

मी दाखवायला म्हणून नेला. त्यांनी डोळ्याला घड्याळदुरुस्तीचं भिंग लावलं आणि रुपया दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. मग म्हणाले, "दोन्ही समोर ठेवतो. तुला हवा तो घे."

"घरच्यांना विचारलंस?" असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि १९११ चा उचलला.

मला वाटलं, मी त्यांना फसवलं. ढिगाने मिळणाऱ्या सालाच्या बदल्यात डुकराचा रुपया! परत जाताना त्याच बाजारात एका सोनाराकडून १९१८ चाच एक साधा रुपया विकत घेतला. त्याने तो पॉलिश करून दिला. तो मी डबीतल्या कापसात ठेवला. साल तेच, राजा तोच. आई तेव्हा होती. बाबा नोकरीत होते. कुणी काही बोललं नाही. मग आई गेली, बाबा निवृत्त झाले, माझं लग्न झालं, पोरगी झाली, आणि ती गोष्ट मी विसरलोसुद्धा. म्हणजे विसरलो असं मला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग आई गेलेली आहे हे. पनवेलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "हे वाढत जाणार. त्यांच्याशी वाद घालू नका. म्हणतील त्याला हो म्हणा, विषय बदला." माझी बायको जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. मूर्तींच्या सोवळ्याचे काठ रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाबांना एकटं ठेवता येईना म्हणून तिने ते काम सोडलं. मी शिफ्टला जायचो, ती त्यांच्याजवळ राहायची.

एक दिवस बाबांना ती डबी सापडली. त्यांनी रुपया काढला, खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "हा नाय."

"काय नाय, बाबा?" बायकोने विचारलं.

"हा हिचा रुपया नाय. हा घासलेला हाय."

मी तिथेच चहा पीत होतो.

बायको हसून म्हणाली, "अहो बाबा, तोच आहे. डबी कुणी उघडलीसुद्धा नाय."

"घासलेला हाय," बाबा म्हणाले. "मला कळत नाय व्हय?"

त्या दिवसापासून रोज तेच. सकाळी चहा झाला की डबी. रुपया खिडकीपाशी. हा नाय. मग शोधाशोध. तांदळाच्या डब्यात हात घालायचे, गाद्यांची टोकं उसवायचे, देव्हाऱ्यातले देव उचलून खाली बघायचे. थकले की भिंतीला टेकून बसायचे आणि रडायचे. मोठ्याने नाही. नाक गळत राहायचं आणि ते पुसायचं त्यांना सुचायचं नाही. शेजारचे येऊन समजूत घालायचे, "आजोबा, हाच हो तो. तुम्हाला आठवत नाय." डॉक्टरही म्हणाले की या आजारात माणसाला आपली वस्तू चोरीला गेल्यासारखी वाटते, बहुतेकांना वाटतं.

सगळं गाव एका माणसाला सांगत होतं की तुला भ्रम झालाय. आणि त्या घरात खरं बोलणारा तोच एक माणूस होता. हे फक्त मला माहीत होतं. मला रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायचं, सांगून काय होणार, उद्या विसरतीलच. डॉक्टर म्हणालेत विषय बदला, तर मी विषय बदलायचो. शिफ्टची वेळ झाली म्हणून निघायचो. तिसरी शिफ्ट मागून घ्यायला लागलो, कारण मग सकाळी मी घरी नसायचो.

मग बाबा बायकोवर आले. "तूच दिलास माहेरी," म्हणायला लागले. तिचं माहेर कासूला. तिचा भाऊ भेटायला आला तर बाबा त्याच्या खिशाकडे बघत बसले. तो परत आला नाही. बायको आधी हसण्यावारी न्यायची, मग गप्प व्हायची, मग बाथरूमचा नळ सोडून आत बराच वेळ राहायची. मी तिला म्हणायचो, "आजारी आहेत ते. मनाला लावून घेऊ नकोस." हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन! बोलताना माझा आवाज अगदी नीट यायचा, याचीच मला आता शरम वाटते.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी बाबांनी तिची पेटी ओढून अंगणात आणली आणि उपसली. तिच्या लग्नातली साडी, पोरीची बाळंतविडी, आतले कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं अंगणात. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबल्या. बाबा एकेक कपडा झटकून बघत होते. बायको पायरीवर उभी होती. तिने त्यांना अडवलं नाही. "बघा," एवढंच म्हणत होती. "नीट बघा, बाबा. तळाशी पण बघा."

मी दारात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी डुकराचा रुपया खिशात घातला आणि रोह्याला गेलो. कंपनीत गेलो नाही. घड्याळवाले वारले त्याला बरीच वर्षं झाली होती. दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी त्यांच्या घरी गेलो. काकींनी मला ओळखलं. पाणी दिलं, बस म्हणाल्या. मी सरळ सांगितलं की अमुक एक रुपया मी काकांना दिला होता, तो मला परत हवा आहे, बदल्यात हा घ्या, वर काय म्हणाल ते देतो.

त्यांनी माझ्या हातातला १९११ चा रुपया बघितला. "हा तर यांचाच," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझा तो चकचकीत रुपया ना? ह्यांनी तो कुणाला विकला नाही. आल्यागेल्याला दाखवायचे. हे गेल्यावर मुंबईचा एक माणूस आला, त्याने दुकानातलं सगळं एकदम उचललं. पहिला तोच हातात घेतला बघ त्याने."

"कोण होता? नंबर वगैरे?"

"मला कुठला माहीत? मुलाने बघितलं सगळं. दुसऱ्या कशासाठी तरी मुलाने एकदा त्या माणसाला फोन केला होता, पण तो नंबर लागत नाही."

 काकी उठून आत गेल्या आणि एक जुनी वही घेऊन आल्या, नाणी ठेवायच्या प्लास्टिकच्या कप्प्यांची. "हे घरच्या कपाटात होतं, एवढं राहिलंय. बघ यात काही असलं तर." त्यात १९१८ चा एक रुपया होता. मी तो उजेडात फिरवला. चांगल्या, न वापरलेल्या चांदीवर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. पॉलिश केलेल्यावर तो फिरत नाही, ताटासारखा एकाच जागी चमकतो. ह्याच्यावर फिरत होता. दाढीचे केस मोजता आले असते. मी डुकराचा रुपया काकींच्या हातात ठेवला. त्या नको नको म्हणत होत्या, "अरे, तो जास्त किमतीचा आहे." मी त्यांची मूठ मिटली. आयुष्यात पहिल्यांदा मी दुर्मिळ नाणं देऊन चांगलं नाणं घेत होतो, आणि तेही पुन्हा कुणाला तरी फसवायलाच.

परतीच्या गाडीत मी तो रुपया रुमालात धरून बसलो होतो. कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा बायकोचा भाऊ फलाटावर दिसला. मी खिडकीपासून मागे सरकलो.

घरी आलो तर बायको वाल सोलत बसली होती आणि बाबा तिच्याकडे पाठ करून. मी गुपचूप डबीतला रुपया बदलला आणि डबी बाबांच्या हातात दिली. "बाबा, सापडला बघा. कपाटाच्या मागे होता."

बाबांनी तो कडेला धरून उचलला. त्यांना स्वतःची नात ओळखू येत नव्हती, पण रुपया कसा धरायचा हे बोटांना आठवत होतं. खिडकीपाशी नेला. फिरवला. इतका वेळ बघितला की मला वाटलं, झालं. बायकोचे हात वालात थांबले होते.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. "लय चांगला ठेवलाय कुणी. पण हिचा नाय."

"बाबा!" मी ओरडलो.

"हिच्या रुपयाला राजाच्या मानेमागं डाग होता. तांबूस. तिळाएवढा. ओला कापूस लागला होता एकदा, मी तिच्यावर रागावलो होतो." मग ते बायकोकडे वळले. "तूच दिलास. सांग कुणाला दिलास."

बायकोने हात धुतले नाहीत, काही नाही. तशीच त्यांच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तुमच्या पाया पडते. मी नाय घेतला. मी काय करू म्हणजे तुम्हाला खरं वाटेल?"

ती खरोखर पाया पडली. डोकं टेकवून तशीच राहिली.

तेव्हा मी सांगितलं. खालीच बसलो आणि सगळं सांगितलं, रोह्याचं दुकान, अदलाबदल, सोनार, पॉलिश.  माझं संपल्यावर बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"म्हंजे मी खुळा नाय," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मी खुळा नाय," त्यांनी बायकोला सांगितलं. "आयकलंस? ह्यो सांगतोय. मी खुळा नाय." आणि ते हसले. इतके महिने रडणारा माणूस तोंड भरून हसला. मी तो चेहरा आठवू नये म्हणून फार प्रयत्न केले आहेत.

बायको उठली. "माझी पेटी काढली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"दारात."

ती पुन्हा वाल सोलायला बसली. वालाच्या डाळिंब्या झाल्या, जेवणं झाली. सकाळी चहा झाला, बाबांनी डबी उघडली, रुपया खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "हा नाय." आदल्या दिवसाचं काहीच उरलं नव्हतं. ते बायकोकडे वळले, तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं.

"सांगा त्यांना. विचारतील तेव्हा सांगायचं. रोज. तुम्ही."

मी पुन्हा सांगितलं. ती पिशवी भरून, पोरीला घेऊन कासूला निघून गेली.

मी रजा टाकली. नऊ दिवस घरात बाबा आणि मी. रोज सकाळी मी तेच सांगत होतो आणि बाबा ते रोज पहिल्यांदा ऐकत होते. एका दिवशी त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. एका दिवशी म्हणाले, "जाऊ दे, पोरवयात व्हतं असं." तेव्हा मला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवण टाकलं, संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. एका दिवशी मला विचारलं, "तुमी कोण? तुमी का सांगताय मला हे?" माफी मिळाली तरी ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायची नाही, आणि शिव्याही टिकायच्या नाहीत. मला वाटायचं, एकदा काय ते ठरू दे. कुणी ठरवणार नव्हतं. मी त्यांना आंघोळ घालायचो, पेज भरवायचो, ओली चादर बदलायचो, आणि बायको हे सगळं कसं करत होती हे मला तेव्हा कळलं. तेही चोर म्हणवून घेत.

दहाव्या दिवशी ती पोरीला घेऊन आली. मला म्हणाली, "तुमच्यासाठी नाय आले." आत जाऊन तिने बाबांची नखं बघितली, ब्लेड मागितलं आणि कापायला बसली.

त्यानंतर एकदा सकाळी मी नेहमीप्रमाणे सांगत होतो. बायको तिथेच केर काढत होती. माझं संपलं.  बाबांचे डोळे स्वच्छ होते. असे दिवस मधूनच यायचे.

"मला म्हायती होतं," ते म्हणाले.

"काय?"

"रुपया बदललाय ते. तवाच. म्हयनाभरात बघितला होता मी. घासलेला."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"मला वाटलं हिनं दिला." ते आईच्या फोटोकडे बघत होते. "तिचा भाऊ आजारी होता तवा. मला वाटलं, त्याच्या औषधाला दिला आसंल, आन् मला वाईट वाटू नये म्हनून दुसरा ठेवला. तिचाच व्हता तो. मी कसं इचारनार? शेवटपर्यंत इचारलं नाय." मग म्हणाले, "पन मनात राहिलं. खोटं बोलली माझ्याशी, आसं राहिलं."

 आई गेली त्याला पंधरा वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारपणात बाबा तिच्याजवळ बसायचे, पण फार बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे. त्या न बोलण्यात माझा केवढा वाटा होता हे मला कधीच कळणार नाही. बाबांनाही ते आता सांगता येणार नव्हतं, आणि आईला तर कुणी विचारलंच नव्हतं.

बायकोने केरसुणी ठेवली. बाबांच्या समोर उकिडवी बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "आईंनी नाय दिला हां, बाबा. त्या खोटं बोलल्या नाय तुमच्याशी. कळलं ना? आईंनी नाय दिला."

"नाय दिला?"

"नाय."

"मग बरं," बाबा म्हणाले.

ते त्यांच्या लक्षात राहिलं नसणार. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी डबी मागितली नाही, आणि गणपती यायच्या सुमारास तर डबीकडे बघणंही सोडलं. मी आधी सुटकेने आणि मग घाबरून वाट बघायचो. एकदा मीच डबी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती हातात घेतली, हुंगली आणि बामाची आहे म्हणून कपाळाला चोळायला लागले.

आता ते फारसं बोलत नाहीत. बायकोला मात्र "गो" म्हणून हाक मारतात, आणि ताट समोर आलं की आधी विचारतात, "तू जेवलीस काय गो?" ती जेवलेली नसली तरी हो म्हणते. मला ते काही विचारत नाहीत. मी शिफ्टला निघताना त्यांच्यासमोर उभा राहतो, जातो म्हणून सांगतो. कधी मान हलते, कधी हलत नाही. बायको दार लावून घेते.